ऑटिझमसाठी स्टेम सेल करून घ्यावं का?

प्रश्न: मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. बोलत नाही, काही हवं असलं की माझा हात धरून ओढत नेतो. एका क्लिनिकमध्ये म्हणाले स्टेम सेलने, म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशींनी, मेंदूतल्या खराब पेशी दुरुस्त होतात, आधीचे-नंतरचे रंगीत स्कॅनही दाखवले. घरचे म्हणतायत स्पीच थेरपी बंद करून ते पैसे इकडे लावू. काय करू?
– एक आई

उत्तर: ताई, स्पष्टच सांगते, आत्ता करू नका, आणि स्पीच थेरपी तर अजिबात थांबवू नका.

ऑटिझममध्ये मेंदूचा एखादा भाग मेलेला नसतोच हो, की नव्या पेशी भरल्या आणि झालं काम, मेंदूची जडणघडणच जन्माआधीपासून वेगळी होत असते. संशोधकही इम्युन सिस्टिमची गडबड या पेशींनी शांत होते का, एवढंच बघत होते.

अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत 25 मुलांना त्यांचंच साठवून ठेवलेलं नाळेतलं रक्त दिलं (त्यातही स्टेम सेल असतात), 2017 मध्ये निकाल आला, बऱ्याच मुलांमध्ये सुधारणा दिसली, तेव्हा मलाही खूप आशा वाटली होती. मग त्यांनीच 180 मुलांवर नीट चाचणी केली, काहींना नाळेतलं रक्त, काहींना नुसतंच तसं दिसणारं नकली औषध, आणि कोणाला काय दिलंय ते आईवडिलांनाही माहीत नाही. 2020 मध्ये निकाल आला तर सहा महिन्यांनी सामाजिक कौशल्यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरकच नाही! बौद्धिक अडचण नसलेल्या मुलांच्या संवादात थोडा फायदा दिसला, पण तेवढ्यावरून उपचार म्हणून विकता येत नाही. आधीच्या 25 मुलांचे पालक सुधारणा दिसली म्हणाले ते खोटं बोलत नव्हते, या वयात मूल सहा महिन्यांत वाढतंच, थेरपीही चालू असते, आणि आपण डोळ्यात तेल घालून बघत असतो.

स्कॅनचं म्हणाल तर त्यावरून ऑटिझमचं निदानसुद्धा होत नाही, भूल दिली तरी रंग बदलतात, मग बरं झालं हे त्यावरून कसं ठरवायचं? आणि हे साधं इंजेक्शन नाही, बऱ्याच ठिकाणी भूल देऊन कमरेच्या हाडातून बोनमॅरो काढतात, मग मणक्यात सुई घालून पेशी सोडतात. उलट्या, डोकेदुखी, इन्फेक्शन, कधी फिट्ससुद्धा येतात.

क्लिनिकला एकच विचारा, तुमचा हा उपचार नकली औषधाशी तुलना करून तपासलाय का, कुठे छापलंय ते दाखवा. आणि रिसर्च म्हणत असतील तर पैसे कसले घेताय?

आता तो हात ओढतो ना, तोच तुमचा धागा आहे बघा, तो तुम्हाला काहीतरी सांगतोयच. बाटलीकडे नेलं की लगेच देऊ नका, दोन-तीन सेकंद थांबा, त्याचं बोट धरून बाटलीकडे दाखवा, "पाणी" म्हणा आणि मग द्या. दिवसातून दहा वेळा होईल हे. बाटलीचं चित्रही ठेवा जवळ, चित्राने बोलणं मागे पडत नाही, ती भीती मनातून काढा.