वाचकांचे प्रश्न : पुण्याची बिअर, नागपूरचं ऊन

मागच्या अंकात किण्वनावर लिहिलं होतं. दही, इडली, आंबील यांबद्दल पत्रं येतील असा माझा अंदाज होता, पण निम्म्याहून जास्त पत्रं आली बिअरवर. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, यीस्ट हा माझा रोजचा विषय, त्यामुळे मला आनंदच झाला. महाराष्ट्रात बिअर प्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात आणि पिण्याचा परवाना लागतो, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

ताई, बरीच वर्षं पुण्यात नोकरी केली, आता आईबाबांसाठी नागपूरला परत आलो. तिकडे शनिवार म्हटलं की ब्रुपबमध्ये, म्हणजे जिथं बिअर तिथंच बनते अशा ठिकाणी, गव्हाची बिअर, नाहीतर आयपीए. इथं बिअर शॉपीतून वेगवेगळे टिन आणून पिऊन राहिलो, पण ती मजा नाही येऊन राहिली आणि खिशालाही झेपत नाही. तीच चव स्वस्तात मिळेल का?
— एक वाचक, मनीषनगर

गव्हाच्या बिअरला पर्याय आहे. आयपीएला, म्हणजे हॉप्स या कडवट, सुवासिक फुलांनी भरलेल्या बिअरला, नाही.

आधी गव्हाचं बघू. गव्हाच्या बिअरची दोन घराणी आहेत आणि दुकानात गेल्यावर बहुतेकांची गल्लत तिथेच होते. जर्मन घराण्यातली हेफेवाइझेन. तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात केळंही घालत नाहीत आणि लवंगही नाही. हे दोन्ही वास यीस्ट तयार करतं. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, लवंगेचा ४-व्हायनिल ग्वायकॉलचा. बेल्जियन घराण्यातल्या विटबिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची वाळलेली साल खरोखर टाकतात. हूखार्डन गावातली ही जात बंद पडली होती. पिएर सेलिस यांनी १९६०च्या दशकात ती पुन्हा सुरू केली, म्हणून आज जगभर मिळते.

तर पुण्यात तुमच्या ग्लासाला केळ्याचा वास यायचा की संत्र्याचा, ते आठवा. कारण इथे परवडणाऱ्या टिनमध्ये जे मिळतं, म्हणजे किंगफिशर अल्ट्रा विटबिअर, दुर्गची सिंबा विट, ते सगळं बेल्जियन वळणाचं आहे. तुम्ही केळं शोधत असाल तर यातल्या कशातही ते सापडणार नाही आणि पैसे वाया गेले असं वाटत राहील. संत्रं-धणे हवे असतील, तर यातला कुठलाही टिन ब्रुपबच्या ग्लासापेक्षा बराच स्वस्त पडेल आणि समाधानही देईल. जर्मन हेफेवाइझेन आयात होऊन येते. ती कधीतरी, वाढदिवसाला वगैरे.

आता मजा का येत नाही, त्याबद्दल. पुण्यात २००९मध्ये डूलाली हे ब्रुपब सुरू झालं, मग एकेक करत बाकीचे आले, आणि तुमच्या वयाच्या मुलांना टाकीतून थेट ग्लासात आलेल्या बिअरची सवय लागली. ती बिअर पाश्चराइज केलेली नसते, थंडच ठेवलेली असते आणि चार पावलांवरून येते. तुमचा टिन मात्र ट्रकमधून, गोदामातून, दुकानाच्या मागच्या खोलीतून आलाय, आणि हे सगळं नागपुरात, जिथे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. बिअरच्या धंद्यात ३-३०-३०० असा एक ठोकताळा आहे. ३२ अंशांवर तीन दिवसांत बिअर जितकी शिळी होते, तितकी २२ अंशांवर ३० दिवसांत होते आणि फ्रिजच्या ३ अंशांवर ३०० दिवसांत. पत्र्याच्या गोदामातला एक आठवडा तिचं काय करत असेल, विचार करा.

मी हे घरी करून पाहिलं आहे. एकाच बॅचचे विटबिअरचे दोन टिन आणले, एक फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला, दुसरा उन्हाळ्यात आठवडाभर बाल्कनीतल्या कपाटात. मग दोन्ही रात्रभर थंड केले आणि सारख्या ग्लासांत ओतले. फ्रिजमधल्या बिअरला फेस येतानाच धण्यांचा वास आला. दुसरीचा फेसही तसाच आणि रंगही जवळपास तसाच होता, पण नाक जवळ नेलं की ओल्या पुठ्ठ्याचा वास. घोट घेतल्यावर संत्रं कुठेच नव्हतं, मागे एक गुळमट, जुनाट गोडी राहत होती. हे ऑक्सिडेशन आहे आणि पुठ्ठ्याचा तो वास ट्रान्स-२-नोनेनलचा. थंड केल्याने तो झाकला जातो, बिअर परत ताजी होत नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की नागपुरात बिअर घेताना नावाआधी तारीख बघावी. टिन उलटा करा, बाटली असेल तर लेबल वाचा, बनवल्याची तारीख आणि बॅच दिलेली असते. दोन महिन्यांच्या आतली असेल तर घ्या. दर्शनी काचेजवळ दिव्याखाली लावलेली बाटली घेऊ नका, आतल्या फ्रिजमधली मागा. उजेड पडला की हॉप्समधली कडू द्रव्यं फुटून उग्र, कुबट वास येतो. तपकिरी काच तो बराच अडवते, हिरवी फारच थोडा, पांढरी मुळीच नाही. टिनला हा त्रासच नाही. आणि गिऱ्हाईक जास्त असलेल्या दुकानात जा. तिथली रोज खपणारी साधी माइल्ड लागर, म्हणजे नेहमीची हलकी पिवळी बिअर, ही वर्षभर शेल्फवर बसलेल्या देखण्या लेबलच्या क्राफ्ट बिअरपेक्षा सरस असते, आणि किंमत निम्मी.

राहिली आयपीए. तिचा जीव हॉप्सच्या वासात, आणि साठवणीत सगळ्यात आधी तोच उडतो. हॉप्स महाग, भरपूर लागतात, शिवाय आपल्याकडच्या स्वस्त लागरमध्ये कडवटपणा मुद्दाम कमी ठेवलेला असतो. त्यामुळे स्वस्तातली आयपीए शोधण्यात पैसे घालवू नका. पुण्याला जाल तेव्हा टाकीवरची प्या.

आम्ही चौघं मित्र महिन्यातून एकदा सदरला बसतो. एकाचं म्हणणं, क्राफ्ट बिअर म्हणजे नुसता देखावा आहे बावा, डोळे बांधले तर कोणालाच कळणार नाही. दुसऱ्याला त्याच्या आवडत्या बिअरबद्दल एक शब्द ऐकवत नाही. भांडण कसं मिटवायचं?
— एक वाचक, छावणी

डोळे बांधायची गरज नाही. तीन ग्लास घ्या. दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. ओतणारा वेगळा हवा आणि त्याने बाहेर जावं. पिणाऱ्याने फक्त वेगळा ग्लास कोणता ते सांगायचं, आवडली-नावडली नंतर. चव तपासण्याच्या प्रयोगशाळांत हीच चाचणी वापरतात. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. पण चौघंही नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ८१ मध्ये एक, म्हणून तुम्ही चौघंही बरोबर आलात तर फरक खरा आहे असं खुशाल माना.

दोन गोष्टी सांभाळा. बिअर एकाच जातीच्या घ्या: लागरसमोर लागर, विटसमोर विट. स्टाउट, म्हणजे भाजलेल्या जवाची काळी बिअर, आणि लागर शेजारी ठेवून फरक कळला तर त्यात काहीच सिद्ध होत नाही. दुसरं, ग्लास. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस बसतो आणि आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहतात. बुडबुडे चिकटलेले दिसले की तो ग्लास बाजूला ठेवा. डीप फ्रीजरमध्ये बर्फ झालेली बिअरही नको, जिभेला काहीच कळत नाही. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबा. चखण्यात साधे मुरमुरे ठेवा. तर्री पोहे किंवा शेवचिवडा खाऊन आलेल्याने त्या दिवशी मत देऊ नये.

माझा अंदाज विचाराल तर लागरमध्ये तुमचा पहिला मित्र बराचसा बरोबर ठरेल. लागर थंड तापमानाला, सावकाश आंबते, यीस्ट मागे फारसा वास ठेवत नाही, त्यामुळे दोन ताज्या लागरमधलं अंतर थोडंच असतं. स्वस्त लागरमध्ये जवासोबत तांदूळ किंवा मका असतो, म्हणून ती हलकी लागते. बव्हेरियाच्या १५१६च्या फर्मानात जव, हॉप्स आणि पाणी एवढंच मान्य होतं, त्यामुळे काही शौकीन तांदळाला भेसळ समजतात. मला ते पटत नाही. चाळीस अंशांच्या संध्याकाळी तांदळाची हलकी लागर फार छान वाटते. गव्हाची बिअर आणि स्टाउट यांत मात्र तुमचा दुसरा मित्र जिंकेल. तिथे जास्तीचे पैसे माल्टमध्ये (मोड आणून वाळवलेल्या धान्यात) आणि यीस्टमध्ये गेलेले असतात आणि ते जिभेला कळतं.

आमचे काका अजूनही बाटलीच्या तोंडावर अंगठा ठेवून ती पाण्याच्या ग्लासात उलटी धरतात. ग्लिसरीन खाली उतरतं म्हणतात. खरं आहे का?
— एक वाचक, इतवारी

नाही. खाली उतरताना दिसतात त्या रेघा बिअरच्याच. तिच्यात प्रथिनं आणि न आंबलेले पिष्टाचे अंश विरघळलेले असतात, म्हणून ती पाण्यापेक्षा किंचित जड. ग्लिसरॉल, म्हणजे ग्लिसरीनच, यीस्ट स्वतःच बनवतं, लिटरमागे एक-दोन ग्रॅम. ते बिअरमध्ये पूर्ण मिसळलेलं असतं, बाटली उलटी केल्याने वेगळं होऊच शकत नाही. काकांना एवढंच सांगा की त्यात गॅस जातो आणि चांगली बिअर पाण्यात.

महागडी क्राफ्ट बिअर घेण्यापेक्षा त्याच पैशात स्ट्राँगच्या दोन मोठ्या बाटल्या येतात. सगळ्यात स्वस्त पर्याय हाच नाही का?
— एक वाचक, नंदनवन

हिशेब मांडू. मोठी बाटली ६५० मिलीची. स्ट्राँगवर कमाल ८ टक्के लिहिलेलं असतं. तेवढं धरलं तर एका बाटलीत ५२ मिली अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये २५.७ मिली. म्हणजे स्ट्राँगची एक बाटली दोन मोठे पेग झाली, आणि दोन बाटल्या चार. इतकं पिऊन कोणी बिअरची चव घेत नाही. मला हे पत्र वाचून काळजी वाटली, कारण बिअर म्हणजे हलकं काहीतरी, असं समजून लोक त्यानंतर गाडी चालवतात.

शिवाय चवीचंही नुकसान होतं. झटपट, जास्त साखरेवर आंबवलेल्या बिअरमध्ये जड अल्कोहोलं जास्त तयार होतात, घशाला चटका बसतो, म्हणून ती बर्फासारखी करून गिळावी लागते. कमी पैशात चांगली बिअर प्यायची असेल तर माइल्डची ३३० मिलीची ताजी पिंट घ्या. पाच टक्क्यांच्या पिंटमध्ये १६.५ मिली अल्कोहोल. स्टाउट आवडत असेल तर तिचा एक टिन दोघांत वाटून घ्या, निम्मा ग्लास माइल्ड लागर आणि वरून निम्मी स्टाउट. कॉफीचा, भाजलेल्या जवाचा वास बऱ्यापैकी टिकतो आणि एका महाग टिनमध्ये दोघांची संध्याकाळ होते. मला हे मिश्रण नुसत्या स्टाउटपेक्षाही आवडतं, विशेषतः सोबत संत्रा बर्फी असेल तर.

सासर वर्ध्याचं आहे. मेहुण्यालाही क्राफ्ट बिअरची आवड. गाडीत दोन-चार टिन नेले तर चालतील का?
— एक वाचक, प्रतापनगर

नाही चालणार. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि बिअर त्यातच येते. गडचिरोलीतही बंदी आहे, चंद्रपूरची २०२१मध्ये उठली. मेहुण्यालाच नागपूरला जेवायला बोलवा आणि रात्री मुक्कामाला ठेवा.

सावजी मटणाबरोबर कोणती बिअर? आणि विटबिअरमध्ये आपलं नागपुरी संत्रं टाकलं तर?
— एक वाचक, महाल

सावजीबरोबर गव्हाचीच. हॉप्सचा कडवटपणा आणि जास्त अल्कोहोल, दोन्हीमुळे तिखट आणखी जाळतं. गॅसही तोंडात टोचतो. म्हणून तर्रीवर आयपीए किंवा स्ट्राँग घेतली की डोळ्यांतून पाणी येतं. विटबिअर मऊ, कडवटपणा कमी, आणि तिच्यातले धणे सावजीच्या काळ्या मसाल्यातही आहेतच, त्यामुळे दोन्ही एकमेकांना धरून राहतात. मिरचीचा जाळ कमी करणं मात्र कुठल्याच बिअरला जमत नाही, त्याला दही किंवा ताक हवं.

संत्र्याचं म्हणाल तर साध्या माइल्ड लागरला विटबिअरच्या जवळ नेण्याचा माझा आवडता, अगदी स्वस्त उपाय तोच. फोड टाकू नका आणि सालही ग्लासात सोडू नका, सालीतलं तेल फेस मोडतं. अर्धा चमचा धणे तव्यावर किंचित गरम करून भरड कुटा आणि ग्लासभर लागरमध्ये पाच मिनिटं ठेवून चहाच्या गाळणीने हळूच दुसऱ्या ग्लासात गाळा. संत्र्याच्या सालीचा नखाएवढा तुकडा घ्या आणि ग्लासाच्या काठावर बाहेरच्या बाजूने फिरवा. घोट घेताना वास नाकात जातो, फेस जसाच्या तसा राहतो. गॅस थोडा उडतो, तेवढं चालवून घ्या. अंबिया बहाराचं संत्रं हिवाळ्याच्या सुरुवातीला येतं, मृगाचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. मृगाच्या सालीला तेल जास्त सुटतं असा माझा अनुभव आहे, त्या दिवसांत थोड्या साली सावलीत वाळवून बरणीत भरून ठेवा. मे महिन्यात ताजं संत्रं नसतं तेव्हा त्यातली चिमूटभर धण्यांबरोबर कुटून टाकता येते.