डबे वाटले तरी कचरा एकत्रच येतो, त्याबद्दल

तुमचा प्रश्न असा, की पंचायतीने घरोघरी दोन डबे दिले, पत्रकं वाटली, तरी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या तुमच्या वाड्यावर सगळं मिसळूनच बाहेर येतं. आता दंड लावावा की बक्षीस ठेवावं? तूर्त दोन्ही राहू द्या. आधी काही दिवस कचऱ्याच्या गाडीमागून चाला.

घरच्या बाईने वेगळा करून दिलेला कचरा गाडीवाला एकत्र ओततो का, ते बघा. ती दारात उभी राहून बघतच असते. ‘शेवटी एकच करतात, मग आम्ही कशाला मरायचं?’ हे मी पेडण्यातही ऐकलंय आणि काणकोणातही. गाडीत साधी फळी टाकून दोन कप्पे केले, तर जो फरक पडतो तो शंभर पत्रकांनी पडत नाही. (वाटलेल्या डब्यांपैकी निम्म्यांत आज तांदूळ असतील, त्यावर जाऊ नका.)

दुसरं, शहरातलं ओल्या कचऱ्याचं व्याख्यान गावात देऊ नका. साली माडाच्या आळ्यात, खरकटं गुरांना, करवंट्या चुलीत, हे तिथे आधीच चालतं. निर्माल्य तर कुणीही न सांगता वेगळं ठेवतात, कारण ते खरकट्यात टाकणं मनालाच पटत नाही. म्हणजे वेगळं करण्याची सवय घरात आहे. अडतं ते दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, डायपर आणि पॅड यांपाशी.

यातलं प्लास्टिक बऱ्याच घरांत न्हाणीच्या चुलीत जातं. पावसाळ्यात भाणाखाली (आंघोळीचं पाणी तापवायच्या हंड्याखाली) लाकडं नुसती धुमसतात, दुधाची पिशवी सारली की भक्कन पेटतात. ते घरच्या बाईच्या कामाचं आहे, म्हणून नुसतं ‘धूर विषारी असतो’ सांगून ती थांबत नाही. मे महिन्यातच नारळाची सोडणं नि माडाची चुडतं (सुक्या झावळ्या) छपराखाली रचून ठेवायला लावा, मग धुराचं बोला. सुक्यासाठी डबा नको, पडवीत खिळ्याला गोणी टांगा. पिशवी विसळून दोरीवर सुकवली की वास येत नाही, मुंग्या लागत नाहीत आणि पंधरा दिवस थांबायलाही हरकत नसते. मात्र गाडीचा वार ठरलेला हवा आणि तो चुकता कामा नये. एकदा चुकला की गोणी भरून वाहते आणि सगळं परत चुलीत.

पॅडची अडचण लाजेची आहे. गाडीवर गावातलाच ओळखीचा मुलगा असतो, त्याच्या हातात कोण देणार? घनकचरा नियमांत ते गुंडाळून द्यायला सांगितलंय. वर्तमानपत्राची पुडी, आणि गाडीला मागे झाकणाचा, आतलं न दिसणारा वेगळा डबा, जिने तिने आपल्या हाताने टाकायचं. गाडीबरोबर एखादी बाई असेल तर उत्तमच. हे ग्रामसभेत बोलून होत नाही, तिथे पुरुषच जास्त. स्वयंसाहाय्य गटाच्या बैठकीत जा.

त्याच बायकांना एकदा साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प दाखवा, काकोड्याचा जवळ पडत असेल तर तो. ओल्या कचऱ्यापासून गॅस कसा होतो आणि उरलेल्या प्लास्टिकचे गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत का पाठवतात, हे डोळ्यांनी बघितलेली बाई घरी येऊन सासूला समजावते. तेवढं तुमचं-माझं कोण ऐकतं?

एवढं जमलं, की मिसळलेली पिशवी न उचलता तिथेच ठेवायला सांगा. भांडण नको, आवाज नको. संध्याकाळपर्यंत फाटकाशी पडलेली पिशवी अख्खा वाडा बघतो. गाडी सुधारण्याआधी हे केलंत, तर मात्र तीच पिशवी रात्री ओहोळात जाईल.

दंड घरांना शेवटी, तोही पंचाच्या नातेवाइकाची पावती फाडायची तयारी असेल तरच. हॉटेलं, मंगल कार्यालयं यांना खुशाल आधी लावा. भाड्याच्या खोल्यांत माणसं सारखी बदलतात, तिथे घरमालकाला धरा. गोणी टांगायचा खिळाही त्यानेच मारून द्यायचा.