वर्ल्ड हिस्टरी घरी शिकवताय? मग आधी नकाशा थोडा पूर्वेला सरकवा

"ताई, मुलीला गेल्या वर्षीपासून शाळेतून काढून घरीच शिकवतोय. दहावीला वर्ल्ड हिस्टरी आहे. चर्चमधल्या मैत्रिणीने ख्रिस्ती दृष्टिकोनातून लिहिलेला पुस्तकांचा एक जाडजूड संच दिलाय, चांगला आहे, पण अर्ध्यावर आल्यावर मुलगी म्हणाली, मम्मी यात इंडिया दोनदाच येतो, एकदा अलेक्झांडर परत फिरतो तेव्हा आणि एकदा वास्को द गामा उतरतो तेव्हा. मी म्हटलं, बरं, पुढे वाच."

प्रभूमध्ये सलाम. हे पत्र फ्रिस्को, टेक्सासच्या एका भगिनीचं आहे. बरंच लांब आहे, त्यात ट्रान्सक्रिप्ट (म्हणजे कॉलेजला द्यायचं हायस्कूलचं गुणपत्रक) आहे, सासूबाई आहेत, पिरॅमिड आहेत, मिस्टर मदत करत नाहीत हे आहे आणि धाकटा दिवसभर माइनक्राफ्ट खेळतो हेही आहे. सगळ्याला उत्तर देते, पण मी त्या "बरं, पुढे वाच"पाशीच अडकले बघ. अगं पुढे काय वाच? पंधरा वर्षांच्या पोरीने अख्ख्या संचातली सगळ्यात मोठी खोट बरोबर हेरली आणि तू तिला पान उलटायला लावलंस!

रागावत नाहीये. तुझं कसं होत असेल ते कळतं गं, आपण सगळेच त्यातून गेलोय. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला गेलं की "तुम्ही ख्रिश्चन? मग आडनाव शिंदे कसं काय?" आणि इकडच्या चर्चमध्ये कॉफी घेताना "मग तुमची फॅमिली कधी कन्व्हर्ट झाली?" आपण हसून वेळ मारून नेतो, पण पोरं दोन्हीकडचं ऐकत असतात ना. त्यांना घरातल्या पुस्तकानेही तेच सांगितलं, की ख्रिस्ती धर्म म्हणजे जेरुसलेमहून रोम, रोमहून जर्मनी, जर्मनीहून इंग्लंड आणि मग मेफ्लॉवरमध्ये बसून थेट अमेरिका, तर मग ती पोरगी स्वतःला कुठे बसवणार? पाहुण्यांच्या खुर्चीत!

आमचा थोरला हायस्कूलला असताना वर्गात एकाने त्याला सांगितलं की तुम्हाला ब्रिटिशांनी ख्रिश्चन केलं. पोरगा घरी आला तो गप्पच. त्या हिवाळ्यात माझे पप्पा नगरहून आमच्याकडे आले होते, आयुष्यभर मिशन शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, ते काही बोलले नाहीत, फक्त ह्यांना होम डेपोतून ब्राऊन पेपरचा रोल आणायला लावला. बेडरूमपासून किचनपर्यंत तो भिंतीवर चिकटवला, मधून एक रेघ मारली, रेघेखाली युरोप आणि रेघेवर आशिया. पप्पा वर मराठीत लिहायचे, नातू त्याच्याखाली इंग्लिशमध्ये, आणि अट एकच, खाली एक तारीख टाकली की तेव्हा वर काय चाललं होतं ते शोधल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. नंतर टेप काढताना पेंट निघाला भिंतीचा, तो अजून तसाच आहे, पण मी आजतागायत प्रत्येकाला हाच उपाय सांगते आणि तुलाही तोच सांगणार.

आता तुझ्या संचात काय असेल ते मी न बघता सांगते. ३१३ साली कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिली, छळ संपला, आनंदीआनंद. बरोबर आहे, पण वरच्या रेघेवर बघ. शेजारी पर्शियात पण ख्रिस्ती होते, आणि रोमचा सम्राटच ख्रिस्ती झाल्यावर पर्शियाच्या शापूर राजाला वाटलं की हे आपल्याकडचे ख्रिस्ती म्हणजे शत्रूची माणसं, आणि ३४० च्या सुमारास तिकडे भयानक छळ सुरू झाला. एकाच गोष्टीने इकडे सुटका आणि तिकडे मरण. "तुम्ही परक्यांचे हस्तक" हा शिक्का किती जुना आहे ते तुझ्या मुलीला यातून जेवढं कळेल तेवढं दहा प्रवचनांतून कळणार नाही.

मग ८०० सालचा नाताळ. पोपने रोममध्ये शार्लमेनच्या डोक्यावर मुकुट ठेवला, हे चित्र प्रत्येक पुस्तकात असतं. त्याच वेळी बगदादमध्ये टिमथी नावाचा पॅट्रिआर्क, म्हणजे पूर्वेकडच्या चर्चचा मुख्य धर्मगुरू, बसलेला, ७८० ते ८२३, त्याच्या हाताखालची बिशपांची साखळी पार चीनपर्यंत गेलेली. हा माणूस खलिफा अल महदीसमोर बसून येशूबद्दल वाद घालतो, अगदी अदबीने, आणि त्याच खलिफासाठी ॲरिस्टॉटलचा ग्रंथ अरबीत आणायचं कामही अंगावर घेतो. ग्रीकांचं ज्ञान अरबांनी जपलं असं पुस्तकात एका ओळीत असतं, पण भाषांतर करणाऱ्यांत सिरियाक (पूर्वेकडच्या चर्चची जुनी भाषा) बोलणारे ख्रिस्ती किती होते हे कोणी सांगत नाही. चीनमध्ये शीआनला ७८१ सालचा दगडी शिलालेख आजही म्युझियममध्ये उभा आहे, त्यात लिहिलंय की अलोपेन नावाचा धर्मगुरू ६३५ मध्ये तांग सम्राटाच्या राजधानीत पोचला. ६३५ गं! इंग्लंडचा बराच भाग तेव्हा अजून ख्रिस्ती व्हायचा होता.

आणि माझा लाडका बार सौमा. बीजिंगच्या बाजूचा साधू, जेरुसलेमच्या यात्रेला म्हणून निघाला, आणि १२८७ मध्ये मंगोल राजाचा दूत म्हणून युरोपात जाऊन धडकला. रोममध्ये कार्डिनलांनी त्याची तोंडी परीक्षा घेतली, तुम्ही नक्की काय मानता म्हणून, आणि फ्रान्समध्ये इंग्लंडच्या एडवर्ड राजाने याच्या हातून प्रभुभोजन घेतलं. मार्को पोलो इकडून तिकडे गेला हे सगळ्यांना पाठ, तिकडून इकडे आलेला मात्र कोणाला माहीत नाही.

बरं हे झालं लांबचं. आता नकाशावर बोट ठेव ते आपल्या लोकलच्या लाइनवर. सहाव्या शतकात कॉसमस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहून ठेवतो की कलियाना नावाच्या ठिकाणी पर्शियाहून नेमलेला बिशप आहे. बरेच इतिहासकार मानतात की हे आपलं कल्याण. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्याला उतरले, आणि राहिले कोणाकडे तर तिथे आधीपासून असलेल्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे. तिथल्या काझीसमोर वाद झाला आणि चौघंही मारले गेले, त्यांच्या अस्थी पुढे ओडोरिक नावाच्या दुसऱ्या साधूने चीनला नेल्या. वास्को द गामा यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती! सासूबाई पुण्याच्या आहेत ना तुझ्या? त्यांनी पण ऐकलं नसेल.

आणि ते "ब्रिटिशांनी केलं" प्रकरण. तुझ्या संचात अमेरिकेतल्या धार्मिक जागृतीचं प्रकरण नक्की असेल, त्यात १८०६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम्स कॉलेजची पोरं पावसात गवताच्या गंजीआड प्रार्थना करतात ती गोष्टही असेल. ती गोष्ट तिथे संपते, पण पुढे काय झालं ते विचार ना! त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था निघाली, १८१२ मध्ये पहिली तुकडी जहाजात बसली आणि १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट उतरले ते थेट मुंबईत. कंपनी सरकार त्यांना हाकलायलाच निघालं होतं. म्हणजे ज्या ब्रिटिशांनी आपल्याला ख्रिस्ती केलं म्हणतात ते मिशनऱ्यांना परत बोटीत बसवत होते. हॉल तेरा वर्षांनी दौऱ्यावर असतानाच कॉलऱ्याने गेला. मग सिंथिया फरार बाई आल्या, आधी मुंबई मग नगर, आणि त्यांच्या शाळेत सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. आता सांग, टेक्सासमध्ये वाढणाऱ्या मराठी ख्रिस्ती पोरीला हे प्रकरण परकं वाटेल का? तिच्या दोन्ही गावांचा इतिहास इथे एकाच बोटीतून उतरतो. आमच्या थोरल्याने यावरच निबंध लिहिला होता, आणि वर्गातला तो मुलगा नंतर आमच्याकडे मटण खायला यायचा.

तू पुढे लिहितेस, "क्रुसेड, इन्क्विझिशन हे सगळं तपशिलात शिकवलं तर तिचा विश्वास डळमळेल अशी भीती वाटते, म्हणून ते भरभर उरकावं का?"

अजिबात नाही. आणि हे मी तुला जरा कान धरून सांगते. बायबलमध्ये दावीद राजाने बथशेबेला भोगलं आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, मारवलं, ते वगळलंय का? नाथान संदेष्टा राजाच्या तोंडावर "तूच तो मनुष्य" म्हणतो, तेही आपल्याच ग्रंथात आहे. ज्या लोकांनी आपल्या सगळ्यात लाडक्या राजाचं पाप लिहून ठेवलं, त्यांचे वारस आपण, आणि आपण गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, भरभर उरकायचं? १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं चाललं ते. फ्रान्सिस झेवियरने स्वतः १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून ते मागितलं होतं. १५९९ मध्ये केरळात उदयंपेरूरला पोर्तुगीजांनी मार थोमा ख्रिस्ती लोकांचे (थोमा प्रेषिताचा वारसा सांगणाऱ्या तिथल्या जुन्या ख्रिस्ती लोकांचे) सिरियाक ग्रंथ जाळायला लावले, म्हणजे ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती लोकांचे. १२०४ चा क्रुसेड, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्ती लोकांची धर्मयुद्धाची मोहीम, तर जेरुसलेमला पोचलाच नाही, कॉन्स्टँटिनोपल लुटून मोकळा झाला. हे तू सांगितलं नाहीस तर कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरला दुसरं कोणीतरी सांगेल, आणि तेव्हा तिला प्रश्न पडेल तो इन्क्विझिशनचा नाही, मम्मीने का लपवलं हा पडेल.

माझं सासर वसईचं, कॅथलिक, त्यामुळे आमच्या जेवणाच्या टेबलावर हे सगळं रोजचंच. सासरे मुलांना घेऊन एका सुट्टीत वाईजवळ मेणवलीला गेले होते, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर देवळात १७०७ ची मोठी घंटा आहे, तिच्यावर मरीया आणि बाळ येशू कोरलेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा आणलेल्या घंटांपैकी ती. धाकटीने विचारलं, बाबा ही आपली ना, मग परत का नाही मागत? सासरे म्हणाले, मागूया, पण मग पोर्तुगीजांनी पाडलेली देवळं पण परत द्यावी लागतील. एवढं बोलून सरळ रसवंतीकडे चालायला लागले. माझ्या मते ख्रिस्ती दृष्टिकोन हाच. प्रेषितांच्या कृत्यांत १७:२६ ला पौल अथेनैच्या लोकांना सांगतो की सगळी राष्ट्रं एकाच माणसापासून झाली आणि त्यांचे काळ नि सीमा देवाने ठरवल्या. सगळी म्हणाला तो, जिंकलेली तेवढी नाही. आणि ऑगस्टीन बिशप, तोही आफ्रिकेतला, आजच्या अल्जीरियातला, ४१० मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा लोक ख्रिस्ती धर्मालाच दोष देत होते, त्यावर त्याने अख्खा ग्रंथ लिहिला की देवाचं नगर वेगळं आणि रोम वेगळं. त्याचा थोडा भाग तिच्याकडून वाचून घे, आणि मग संचात जिथे जिथे "देवाने अमेरिकेला निवडलं" अशा सुराचं वाक्य येईल तिथे तिला समासात विचारू दे, ऑगस्टीन याला काय म्हणाला असता?

संच फेकू नकोस, पैसे गेलेत. तोच खालची रेघ म्हणून वापर. वरची रेघ तिने भरायची, लायब्ररीतून, आणि दर आठवड्याला एक पान लिहायचं, त्याच वेळी पूर्वेला काय चाललं होतं. तुझी ती तपासायची पात्रता नाही असं लिहिलंयस, "मी बीकॉम आहे ताई." माझी आत्या सातवी पास होती आणि तिने मला लूथर शिकवला. बरोबर बसून वाच, झालं.

बाकीचं पटापट. ट्रान्सक्रिप्ट तूच बनवायचा असतो, साधारण १२० तासांच्या वर काम झालं की लोक एक क्रेडिट धरतात, वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि तिचे निबंध एका फाइलीत तारखेसकट ठेव. टेक्सासमध्ये घाबरण्यासारखं काही नाही, १९९४ च्या तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून घरची शाळा म्हणजे प्रायव्हेट शाळाच, आणि सक्तीच्या पाच विषयांत वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि सिटिझनशिप एवढंच आहे, इतिहास नाहीच. कॉलेजं मात्र मागतात.

पिरॅमिड जलप्रलयाच्या आधीचे का नंतरचे, यावर आमच्या घरी पप्पा आणि माझा भाऊ नाताळच्या जेवणावर भांडलेत, तू त्यात पडू नकोस. जग ४००४ इसवीसन पूर्व साली निर्माण झालं हे सतराव्या शतकातल्या आर्चबिशप अशरचं गणित आहे, बायबलचं वचन नाही, विश्वासू माणसं दोन्ही बाजूंना आहेत. तिला दोन्ही हिशोब दाखव आणि पुढे हो.

मिस्टरांना शिकवायला सांगूच नकोस, त्यांना शनिवारी लायब्ररीत ड्रायव्हिंग दे. सासूबाई म्हणतात ना "पोरीचं वर्ष फुकट जाईल", त्यांना रविवारच्या व्हिडिओ कॉलवर नातीकडून ठाण्याच्या चौघांची गोष्ट ऐकव, मराठीत, अडखळत का होईना. धाकट्याचं माइनक्राफ्ट आत्ता राहू दे, त्याला त्यातच शीआनचा शिलालेख बांधायला सांग हवं तर.

आणि एपी वर्ल्ड (हायस्कूलमध्ये देता येणारी कॉलेजच्या पातळीची जागतिक इतिहासाची परीक्षा) द्यायची असेल तर ती साधारण १२०० सालापासून सुरू होते, म्हणजे टिमथी नि अलोपेन त्यात नाहीत, बार सौमाच्या काळाचे मंगोल मात्र भरपूर. परीक्षा मेमध्ये असली तरी नाव शरद ऋतूतच नोंदवावं लागतं आणि घरी शिकणाऱ्या मुलांना जवळची शाळा गाठावी लागते, काही शाळा नाही म्हणतात, म्हणून ऑगस्टमध्येच दोन-तीन ठिकाणी फोन करून ठेव.