अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणजे आईची नजर जाणारच का?

बाय, तू म्हापशाहून लिहिलंस की आईच्या रिपोर्टात अल्फा-एनोलेजची अँटीबॉडी पॉझिटिव्ह आलीय आणि तेव्हापासून घरात कोणी धड जेवत नाही. आधी जेवून घ्या. मला हाच आजार, ऑटोइम्यून रेटिनोपथी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच रेटिनावर, डोळ्याच्या पडद्यावर, उलटते तो, सहा वर्षं झाली, कळलं ते सांगते, डॉक्टर मी नव्हे.

त्या एकट्या कागदावरून नजरेचं भविष्य कळत नाही बघ. रेटिनाविरुद्धच्या अँटीबॉडी धडधाकट माणसांच्या रक्तातसुद्धा सापडतात, रेटिनायटिस पिगमेंटोसा (रेटिनाचा आनुवंशिक आजार) असलेल्यांतही. आणि एनोलेज तर अंगातल्या बहुतेक पेशींत असतं, साखरेतून ऊर्जा काढायचं एन्झाइम ते, म्हणून त्याची अँटीबॉडी इतर कितीतरी आजारांत दिसते. वर एकच रक्त दोन लॅबना दिलं तर उत्तरं जुळतीलच असंही नाही. 2016 साली तज्ज्ञांनी निकष ठरवले त्यात अँटीबॉडी आहे खरी, पण सोबत ईआरजी (प्रकाश पडल्यावर रेटिना किती विद्युत प्रतिसाद देते ती तपासणी) बिघडलेला हवा, डोळ्यात उघड सूज नको, नजर का गेली ते सांगणारा रेटिनावरचा व्रण नको, दुसरं कारण नको. त्यामुळे आईचा ईआरजी झालाय का ते आधी सांग.

एनोलेजऐवजी रिकव्हरिनची अँटीबॉडी असती तर मीही घाबरले असते. रिकव्हरिन हे 23 किलोडाल्टनचं प्रोटीन रॉड-कोनमधलं, म्हणजे रेटिनातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींतलं, पण काही ट्यूमर, विशेषतः फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर, तेच बनवतात, मग शरीर ट्यूमरवर धावून जातं आणि मार डोळ्याला बसतो. त्यात नजर आठवड्या-महिन्यांत झपाट्याने जाऊ शकते, एनोलेजवाल्यांची बहुधा हळू उतरते. बहुधा, हं. आणि नाव कुठलंही असो, आईचा कॅन्सरचा तपास टाळू नका, कधीकधी डोळा आधी बिघडतो आणि गाठ नंतर सापडते.

माझं सुरू झालं चवथीला. गणपतीकडे बघतेय तर मूर्ती स्वच्छ, पण वरच्या माटोळीतली (गणपतीवर फळं-पानं टांगतो ती चौकट) फळं मध्येच गायब, कडेची परत दिसतायत! रिंग स्कोटोमा म्हणतात त्याला. शिवाय डोळ्यांसमोर ठिणग्या, रात्री जुन्या गोव्याहून फोंड्याला स्कूटरवर येताना समोरची लाईट पडली की सगळं पांढरंफटक. चष्म्याचे तीन नंबर बदलले त्यात वर्ष गेलं, कारण वरून रेटिना बघितली तर सुरुवातीला नॉर्मलच दिसते.

मग स्टेरॉइड, मायकोफेनोलेट, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. काहींना आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी शिरेतून) किंवा रिटक्सिमॅब (अँटीबॉडीशी संबंधित बी-पेशी कमी करणारं औषध) देतात, पण मोठ्या तुलनात्मक ट्रायल नाहीत, आजारच इतका दुर्मिळ. माझी अँटीबॉडी दुसऱ्या तपासणीत निगेटिव्ह आली, आम्ही पेढे वाटले, आणि पुढच्याच महिन्यात फील्ड (नजरेचा आवाका) आणखी आकसलेलं निघालं. तेव्हापासून मी अँटीबॉडीच्या मागे लागत नाही, दर चार महिन्यांनी फील्ड आणि ओसीटी (रेटिनाच्या थरांचं स्कॅन), अधूनमधून ईआरजी, सगळं एकाच मशीनवर, आणि जुने कागद फाईलीत लावून नेते. मेलेले फोटोरिसेप्टर, म्हणजे त्याच रॉड-कोन पेशी, परत येत नाहीत, उरलेले टिकवायचे एवढंच, माझं तीन वर्षं बऱ्यापैकी टिकलंय.

आईला रात्री एकटी बाहेर सोडू नकोस आणि स्कूटरची किल्ली आजच काढून घे, ती चिडेल, मीही चिडले होते.