म्हशीच्या गळ्यातल्या पट्ट्याला मंजुरी कुठून?

खानापूरच्या भावानं विचारलंय: म्हशीचं रवंथ मोजणारा, ब्लूटूथ आणि लोरा (कमी वीज खाऊन लांबवर संदेश पाठवणारा रेडिओ) असलेला पट्टा विकायला काय लागतं? आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हाच प्रश्न वरचेवर येतो, म्हणून लिहितो.

बेंगळुरूच्या फेऱ्या नकोत, हा विषय केंद्राचा. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी उपकरणं पाहणाऱ्या) शाखेकडून ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची मंजुरी घ्यायची, अर्ज सरल संचार पोर्टलवर. सोबत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा आरएफ (रेडिओ लहरींचा) चाचणी अहवाल. (मराठी-कन्नडचा वाद तिथं नाही, फॉर्म इंग्रजीतच!)

खरी मेख फ्रिक्वेन्सीत आहे. २.४ गिगाहर्ट्झचं ब्लूटूथ मर्यादित शक्तीत विनापरवाना चालतं. लोरासाठी मात्र आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. स्वस्त म्हणून ऑनलाइन मागवलेलं मॉड्यूल बरेचदा अमेरिकेच्या ९१५ मेगाहर्ट्झचं निघतं. मी स्वतः असे वीस नग मागवून बसलोय, अजून खोक्यात पडून आहेत. पाकिटावरचा आकडा आधी वाचा, विक्रेत्याकडून चाचणी अहवालही मागून घ्या.

लिथियम बॅटरी बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचीच घ्या, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक छापलेली. उद्या हाच पट्टा माणसाच्या मनगटावर स्मार्टवॉच म्हणून विकलात, तर घड्याळाचीही वेगळी बीआयएस नोंदणी लागेल.