रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी शटर लवकर उघड

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. गाड्यांच्या डिटेलिंगच्या दुकानाची शेड झाली, फोमचं मशीन आलं, पॉलिशर आला, बोर्डही लागला. गाड्या तेवढ्या येत नाहीत. जाहिरातीत पैसे घालू का, असं विचारलं आहेस. थोडे घाल, पण आधी माझं ऐक.

गाडी धुवायला माणूस कुठेही जातो. डिटेलिंगचं, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईने साफ करून चमकवायचं, तसं नाही. आपली गाडी किती खराब झालीय याकडे मालकाचं लक्ष वर्षातून चार-दोनदाच जातं. त्या दिवशी तुझं नाव त्याच्या कानावर पडलेलं असलं पाहिजे. बाकीचे दिवस तू कितीही ओरडलास तरी तो म्हणणार, 'बघू पुढच्या महिन्यात.'

इंदूरला असा एक दिवस तर आयताच मिळतो. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, टँकरमधून रंगीत पाणी आणि मशिनींमधून गुलाल उडतो, आणि आसपासच्या गल्ल्यांत उभ्या असलेल्या गाड्या गुलाबी होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक करतो काय, तर कोरडं फडकं घेऊन बॉनेट घासतो. गुलालाबरोबर रस्त्याची धूळही घासली जाते, आणि उन्हात बघितलं की क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा. शिवाय दाराच्या रबरात, बिजागरीपाशी, वायपरखालच्या जाळीत रंग राहतोच. पुढच्या पावसात तिथूनच ओघळतो. म्हणून दोन दिवस आधी ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर एवढंच टाक: 'गाडी कोरडी पुसू नका, आधी भरपूर पाण्याने रंग उतरू द्या, मग शाम्पू.' खाली दुकानाचं नाव आणि नंबर. ऑफर वगैरे काही नको. उपयोगाची गोष्ट लोक पुढे पाठवतात, ऑफर पाठवत नाहीत.

असेच बाकीचे दिवस. लग्नात सजवलेल्या गाडीवर चिकटपट्टीचा गोंद राहतो, तेव्हा फुलं लावणाऱ्याशी ओळख ठेव. गाडी विकायला काढली की माणूस चार पैसे खर्च करायला तयार असतो. दसरा, धनत्रयोदशी आणि पाडव्याला नव्या गाड्या निघतात खऱ्या, पण शोरूमवाले रंगावर चढवायचं संरक्षक कोटिंग तिथेच गळ्यात मारतात, त्यामुळे त्या गर्दीवर फार भिस्त ठेवू नकोस.

आता सोसायट्यांचं. निपानिया, महालक्ष्मीनगर, बिचोली या बाजूला मोठमोठ्या इमारती आहेत, आणि प्रत्येकीत पहाटे बादली-फडकं घेऊन गाड्या पुसणारी पोरं असतात. तू त्यांना प्रतिस्पर्धी समजत असशील. अरे, कोणाच्या गाडीला ओरखडा पडलाय, कोणाच्या सीटवर पोरानं दूध सांडलंय, कोण गाडी विकणार आहे, हे मालकाच्या बायकोआधी या पोरांना कळतं! दोन पोरांना दुकानावर बोलाव, चहा पाज, चांगली मायक्रोफायबरची फडकी दे. एकाच मळक्या फडक्याने दहा गाड्या पुसल्या की काय होतं ते काळ्या बॉनेटवर मोबाइलचा टॉर्च मारून दाखव. आणि त्यांच्यापैकी कोणी गाडी पाठवली की कमिशन त्याच दिवशी हातावर ठेव, महिनाअखेरीची वाट बघायला लावू नकोस.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग हा तिथलाच दुसरा विषय. क्षाराचं पाणी उन्हात काचेवर वाळतं, आणि पावसात वायपर फिरवला की समोरचं धूसर दिसतं. समोरची काच स्वच्छ करून मालकाला गाडीत बसव, फार बोलावं लागत नाही.

नमुना दाखवायचाच तर हेडलाइटचा दाखव. जुन्या गाडीच्या दिव्याची पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची, काच उन्हानं पिवळी पडते. मालकाला विचारून एकच दिवा फुकट कर: पाणी मारत हजार, दोन हजार, तीन हजार नंबरचा सँडपेपर, मग पॉलिश, वर ऊन अडवणारा यूव्हीचा थर. तो थर चुकवलास तर काही महिन्यांत पुन्हा पिवळा होतो, आणि शिव्या तुलाच. एक दिवा लख्ख, दुसरा काविळीचा, अशी गाडी घेऊन कोण घरी जाणार? दुसऱ्या दिव्याचे पैसे तो आपणहून काढतो.

सिरॅमिक कोटिंग विकताना मात्र जिभेला आवर घाल. '९एच' ही पेन्सिलच्या कडकपणावरून केलेली मोजणी आहे. बायपासवर ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्यापुढे तिचं काही चालत नाही. खड्यासाठी पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म, असतं, आणि ते महाग असतं, हे स्पष्ट सांग. कोटिंगनं चमक टिकते, पाणी थांबत नाही, धुणं सोपं होतं. एवढंच सांगूनही ते विकलं जातं. 'ओरखडा पडणारच नाही' असं ऐकून गेलेला माणूस पहिल्या ओरखड्याला गूगलवर एक तारा ठोकतो. आणि हो, गूगल मॅपवर दुकान टाकायला पैसे पडत नाहीत. अभिप्राय मागायचा तो किल्ली हातात देताना. रात्री मेसेज केलास तर कोणी लिहीत नाही.

आपली मराठी मंडळी, लोकमान्यनगर, सुदामानगरची, पहिली येतील आणि पहिली घासाघीसही करतील. पहिल्यांदा घे सांभाळून. पण 'आपलाच मुलगा' म्हणून दर पाडलास की तोच दर सगळ्या नात्यागोत्यात पोचतो, म्हणून दर तोच ठेव, वाटल्यास मॅट्स धुऊन दे.

जुन्या गाड्यांचे डीलर काम नेमानं देतील, भाव पाडून. शेड रिकामी आहे तोवर घे, उधारीवर घेऊ नकोस. मागची गाडी चुकती झाल्याशिवाय पुढची आत नाही, हे पहिल्याच दिवशी हसत सांगून टाक. पाचव्या गाडीला सांगितलंस तर भांडण होतं.

तुझा,
काका