लॉग फाइल लाइव्ह कशी बघायची?

प्रश्न: विंडोजवर लॉग फाइल (प्रोग्रॅम चालताना आपल्या नोंदी लिहीत जातो ती फाइल) नोटपॅडमध्ये उघडून ठेवते पण नवीन ओळी दिसतच नाहीत, काय करू?

उत्तर: नोटपॅडचा नाद सोडा, ते उघडतानाचाच मजकूर दाखवतं. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या कमांड टाइप करायच्या खिडकीत, गेट-कंटेंट (Get-Content), पुढे फाइलचं नाव आणि मग वेट आणि टेल २० (-Wait -Tail 20) हे ऑप्शन द्या, शेवटच्या २० ओळी येतील आणि नवीन ओळ पडली की आपोआप खाली दिसेल, थांबवायला कंट्रोल-सी. लिनक्स, मॅकवर हेच काम टेल (tail) कमांड करते, पण तिथे ऑप्शन म्हणून कॅपिटल एफच (-F) द्या हं, कारण लॉग मोठा झाला की जुनी फाइल बाजूला जाऊन त्याच नावाची नवी बनते आणि स्मॉल एफ जुनीलाच धरून बसतो, स्क्रीन गप्प, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय!